अर्ध्या दाढीचा बहिष्कार

मुकेशचा वस्तरा नामाचा डावा गाल साफ करून हनुवटीशी पोचला होता, तेवढ्यात सलूनमधल्या टीव्हीवर निवडणुकीची बातमी लागली.

"नामाकाका, या टायमाला तुमच्या पक्षाचा काय खरा नाय," मुकेश म्हणाला.

"तुजा मत तुज्याकडं ठेव."

"मत हाय म्हणून तं बोलतो."

नामा ताडकन उठला आणि गळ्यातला कपडा फेकला. "आजपासून तुज्या सलूनवर बहिष्कार."

"काका, अर्धी राहिली की."

"राहू दे."

तत्त्वापायी माणसं घरदार सोडतात, नामाने उजवा गाल सोडला. बाहेर येताच त्याने गावच्या ग्रुपवर बहिष्काराची हाक दिली. पक्षाच्या लोकांनी धडाधड पाठिंबा दिला. घरी मात्र बायको जिवली त्याला पाहून मटकन खालीच बसली.

"अवो, मुरबाडची मान्सा येत्यात रविनाला बघाया. आन ह्या तोंडानं पोरगी दाखवनार?"

हे स्थळ मुश्किलीने आलं होतं. त्याने तोंडाला टॉवेल गुंडाळला आणि जीपने शहापूर गाठलं. पाहतो तर एकूणएक सलूनचं शटर खाली. सोमवार! सोमवारी उघडं असणारं आसपासचं एकच सलून मुकेशचं, आणि त्यावर तर यानेच बहिष्कार टाकलेला.

परत येऊन त्याने शेजाऱ्याचं रेझर मागून आणलं. पण आयुष्यभर कोयता धरलेला हात, पहिल्याच झटक्यात अर्धी मिशी गेली.

"आता उरलेलीबी काढा," जिवली म्हणाली.

"आबा जिता हाय ना अजून." बाप हयात असताना मिशी काढायची नसते, हे तिलाही ठाऊक होतं.

"हाय, हाय," आतून आबा खोकले.

इतक्यात पाहुणे आलेच, मुलगा आणि त्याचे आईवडील. मुलाचे वडील रामा रुमालाने गाल झाकून ओटीवर टेकले. पाणी प्यायला रुमाल काढला आणि सगळे थिजले. रामाचीही दाढी अर्धीच होती. रविना पोह्यांचा ट्रे धरून दारातच उभी राहिली.

"वाटंत समदी सलूनं बंद. तुमच्या नाक्यावर एक उघडा दिसला," रामा चाचरत म्हणाला. "दाढी करता करता एका पक्षाच्या मान्सांना चोर म्हनलो. तं त्यो न्हावी म्हनतो, 'आमचा नामाकाका त्याच पक्षाचा हाय. त्याचा मत मला पटत नाय, पन मानूस सोन्यासारखा. त्याला चोर म्हनायचा आसंल तं उठा.' उठवला मला. त्यो नामाकाका तुमीच, ह्ये आता इथं आल्यावर कळला."

नामाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण ज्याच्या पोटावर पाय दिला, तोच आपल्यापायी गिऱ्हाईक हाकलत होता. त्याने सगळ्यांदेखत ग्रुपवर माफी मागितली, रामाचा हात धरला आणि दोघे तसेच नाक्यावर गेले.

मुकेश पाहतच राहिला. मग त्याने खुर्ची झटकली. "बसा. पन टीव्ही बंद ऱ्हाईल."

मुकेशने दोघांच्या उरलेल्या दाढ्या उरकल्या. घरी परतले तर सगळ्यांच्या तोंडात पेढे, आणि जिवली विहीणबाईंना साडी दाखवत बसलेली.

"पोरांची पसंती झाली, लग्नाचा म्हयनाबी ठरला," जिवली म्हणाली.

"आमाला न इचारता?" दोन्ही बाप एकदमच बोलले.

"तुमी दोघं घरात नव्हता ना," विहीणबाई म्हणाल्या, "म्हणून तं येवढ्या लवकर जमला."