ठेवून घेतलेला पाहुणा

माणसानं एकवेळ शिवी द्यावी, पण समोर ठेवलेला चहा निववू नये, असं कमलबाईंचं मत होतं. आणि ओसरीवर बसलेल्या उत्तमरावांनी सकाळपासून दोन कप निववले होते.

"बघ, बघ त्याच्याकडं," कमलबाई पाहुण्यावरची नजर न काढता, दारातूनच सुनेला म्हणाल्या. "चहावर साय आली. सायीवर माशी आली. पण गडी काही हात लावून राहिला न्हाई."

"हळू बोला, आत्याबाई. पाहुणे हायत ते."

"पाहुणा खातो. जो खात न्हाई तो पाहुणा न्हाई, पंचनाम्याला आलेला मानूस हाय."

सपनानं कपाळाला हात लावला. सिद्धेश्वर धरणाच्या अलीकडं, शेतातल्या घराला लागून तिनं दोन खोल्या बांधून घेतल्या होत्या आणि रस्त्यावर पाटी लावली होती: 'निवास व घरगुती जेवण'. कमलबाईंना खोल्या पटल्या, पाटी पटली नाही. "पाहुण्याला पाटी लावून बोलवतेत व्हय?" असं त्या पाटीकडं बघून रोज एकदा म्हणत. पण चुकून कुणी आलंच, तर त्याला अंगावरचे कपडे सैल करावे लागतील इतकं जेवू घालत. अडचण एवढीच की चुकूनसुद्धा फारसं कुणी येत नव्हतं. खोल्यांत चिमण्या तेवढ्या मुक्कामाला होत्या.

म्हणून तर उत्तमरावांचं येणं मोठं होतं. ते परभणीचे निवृत्त मुख्याध्यापक आणि तिथल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाचे सचिव. संघाची सहल कुठं न्यायची ते ठरवायला आधी एक मुक्काम करून बघणार होते. जागा पसंत पडली तर सगळा संघ इथं, नाही तर औंढ्याच्या रस्त्याला झालेल्या नव्या रिसॉर्टवर. चार दिवसांपूर्वी फोनवर त्यांनी सपनाला, म्हातारपणी माणसानं ताठ मानेनं कसं जगावं, यावर भलंमोठं व्याख्यान दिलं होतं. आणि प्रत्यक्ष आल्यापासून मात्र तोंडातून शब्द नाही.

काल दिवस मावळताना गाडीतून उतरले तेच नाकातोंडावर रुमाल दाबून. "धूळ लई हाय ना," सपना म्हणाली. पण घरात धूळ नव्हती, तरी रुमाल होताच. बैठकीत बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता. उत्तमरावांनी तिकडं बघून नमस्कार केला, तोही एका हातानं. दुसरा हात रुमालावर. कमलबाईंनी तो अर्धा नमस्कार बरोबर मनात धरून ठेवला.

रात्री धरणातला ताजा मासा तळला होता. उत्तमरावांनी मान हलवली.

"माळकरी असंल," कमलबाईंनी समजून घेतलं. वांग्याची भाजी वाढली, येसराची, भाजल्या धान्या-मसाल्याच्या पिठाची, आमटी वाढली, गरम भाकरी वाढली. उत्तमरावांनी पुन्हा मान हलवली, पोटावरून हात फिरवला, म्हणजे भरलंय, आणि आपली पाण्याची बाटली काखेत मारून खोलीत गेले. आतून कडी लावली.

त्या बाटलीपाशी कमलबाईंचं मन फिरलं.

"आत्याबाई, शहरातले सगळेच बाटली बाळगतेत," सपना म्हणाली.

"मला नको शिकवू. असल्या मान्सांला मी जल्मापासून वळखते. तवा बाटल्या नव्हत्या, एवढाच फरक."

लहानपणी गावातली माणसं कामासाठी त्यांच्या दारापर्यंत येत. भर उन्हात, घाम पुसत उभी राहत. कमलबाईंची आई विचारायची, "पानी आनू?" आणि कोरड्या ओठांनी ती म्हणायची, "तहान न्हाई." ते 'तहान न्हाई' कमलबाई विसरल्या नव्हत्या. शाळा त्यांनी दुसरीत सोडली होती, पण हा धडा पाठ होता. लग्न होऊन आल्यावर त्यांनी ठरवून टाकलं होतं, की आपल्या दारातून कुणी जेवल्याशिवाय जाणार नाही. आणि आजवर कुणी गेलंही नव्हतं. काही जण खुशीनं जेवले, काही जण कमलबाईंना भिऊन जेवले, पण जेवले.

सकाळी त्यांनी स्वतः चहा नेला, धपाटे नेले आणि त्या समोर उभ्या राहिल्या. पाहुणा खाईपर्यंत समोर उभं राहायचं, ही त्यांची रीतच होती. काही हवं-नको बघायला नको का? उत्तमरावांनी चहाकडं बघितलं, कमलबाईंकडं बघितलं, पुन्हा चहाकडं बघितलं. कमलबाई हलल्या नाहीत. चहा निवला. दुसरा सपनाकडून मागवला, तोही निवला. शेवटी उत्तमरावांनी मोबाइलवर काही लिहिलं आणि सपनाला दाखवलं: 'निघतो. नंतर कळवतो.'

सपनाचा चेहरा उतरला. मुलगी बघायला आलेली माणसं 'नंतर कळवतो' म्हणतात तेव्हा जे कळायचं ते तिथंच कळतं. ती आत येऊन बसली आणि पदरानं डोळे टिपू लागली.

"रडू नको," कमलबाई म्हणाल्या. "तो जेवल्याबिगर जात न्हाई."

"तुमी काय करनार हायत?"

"आपल्याकडं करतेत तेच."

न जेवता निघालेल्या पाहुण्याची पिशवी लपवायची, ही या भागातली जुनी माया. कमलबाईंचा त्यात हात कुणी धरू शकत नव्हतं. नणंदेच्या नवऱ्याची पिशवी त्यांनी कणगीत घातली होती. व्याह्यांची तर एकच चप्पल लपवली होती. ते दोन दिवस राहिले आणि शेवटी कमलबाईंच्या मुलाची, रत्नपालची, घालून गेले. पण उत्तमरावांची पिशवी खांद्याला होती, बूट पायात होते. फक्त ते हात धुवायला मागं गेले तेव्हा गाडीची किल्ली ओसरीच्या कट्ट्यावर राहिली. कमलबाईंनी ती उचलली आणि भिंतीला लावून ठेवलेल्या हळदीच्या एका पोत्याच्या तोंडातून आत खुपसली. 'जेवला की काढून देऊ,' मनाशी म्हणाल्या आणि चुलीपुढं जाऊन भाकरी थापायला बसल्या.

भाकरीचा थप थप आवाज सुरू झाला की कमलबाईंना जग ऐकू येत नाही. त्यामुळं हळद बाजारात नेणाऱ्या भावसिंगचा टेम्पो अंगणात आलेला त्यांना कळला नाही. रत्नपालनं पोती उचलून टेम्पोत टाकलेली कळली नाहीत. आणि टेम्पो गेलेलाही कळला नाही.

मग किल्लीचा शोध सुरू झाला. उत्तमराव रुमालाआडून 'हं, हं' करत हवेत हात पिरगाळून दाखवत होते. सपना उश्या झटकत होती. कमलबाईसुद्धा पदर खोचून शोधायला लागल्या, नाही तर बरं दिसलं नसतं.

"कावळ्यानं नेली असंल," त्या म्हणाल्या. "इथले कावळे लई वाईट. तुमी बसा, दोन घास खावा. पोटात गेलं की हरवलेलं आठवतं."

उत्तमरावांनी जोरजोरात मान हलवली. कमलबाई फणकाऱ्यानं बाहेर आल्या आणि भिंतीकडं बघून जागीच थांबल्या.

"रत्नपाल, इथली पोती कुठं गेली रं?"

"वसमतला."

"कोन्या वसमतला?"

"वसमत काय दहा हायत का, माय? बाजारात गेली. तुला काय झालं?"

कमलबाईंनी इकडंतिकडं बघितलं आणि त्याच्या कानात सांगितलं. रत्नपालनं दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"माय! ती किल्ली हाय, पिशवी न्हाई!"

"मग काय करू? पिशवी तो खांद्यावरून सोडूनच राहिला न्हाई!"

भावसिंगला फोन लावला. त्यानं उचलला नाही. गाडी चालवताना तो फक्त गाणी ऐकत असे. रत्नपालनं मोटारसायकल काढली आणि मागं न बघता वसमतचा रस्ता धरला. सपनाला सगळं कळलं तेव्हा ती रडायची थांबली, कारण आता रडण्याच्या पलीकडं गेलं होतं. "माझ्या सासूनं तुमची किल्ली वसमतच्या बाजारात पाठवली" हे पाहुण्याला कोणत्या शब्दांत सांगायचं ते तिच्या शिक्षणात कुठंच आलेलं नव्हतं. तिनं कसंबसं सांगितलं. उत्तमराव मटकन खाटेवर बसले. रुमालाच्या वरचे डोळे पाण्यानं भरले.

ते डोळे बघून कमलबाईंना राहवेना. इतकं वाईट? या घरात दुपारपर्यंत बसावं लागतं, याचं इतकं वाईट? त्या भाकरीचं ताट घेऊन त्यांच्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, एक इचारते. खरं सांगा. आमच्या हातचं तुमाला चालत न्हाई का?"

"आत्याबाई!" सपना ओरडली.

"तू गप. न्हाई चालत तर न्हाई म्हना, मास्तर. किल्ली आली की सुखानं जावा. पर पोट भरलंय म्हनून सांगू नका. तुमचं पोट सकाळपासून गुरगुर करून राहिलं, ते मला चुलीपाशी ऐकू येऊन राहिलं. लहानपनी आमच्या दारात बी असंच म्हनायचे लोक, तहान न्हाई, भूक न्हाई. काहून न्हाई ते आमाला कळत होतं."

 कमलबाई काय म्हणताहेत ते उत्तमरावांच्या डोक्यात शिरायला थोडा वेळ लागला, आणि शिरलं तेव्हा ते ताडकन उठले. दोन्ही हात जोडले. रुमाल खाली पडला.

वरच्या जबड्यात एकही दात नव्हता.

"बाई, अहो, असं नका हो बोलू!" त्यांच्या तोंडातून शब्दांपेक्षा वारा जास्त येत होता. "देवाशपथ, तसं नाही. माझे दात गेले!"

"कुठं गेले?"

"वानरानं नेले."

कमलबाईंनी ताट खाली ठेवलं. लाजेनं कान लाल झालेले उत्तमराव सांगत गेले. काल इकडं यायच्या आधी धरणावर थांबले, भाजलेलं कणीस घेतलं. जोरात चावा घेतला तशी वरची कवळी कणसातच रुतून बसली. कणीस तोंडातून काढून ती सोडवणार, तेवढ्यात वानरानं झडप घातली आणि कणीस घेऊन ते लिंबावर.

"कवळीसकट?" सपनानं विचारलं.

"कवळीसकट. वर बसून त्यानं सावकाश कणीस खाल्लं. कवळी उलटीसुलटी करून बघितली आणि घेऊन गेलं. जुनी कवळी घरी परभणीला आहे, म्हणून निघायची घाई. रात्री मला गाडी चालवता येत नाही, नाही तर कालच परत फिरलो असतो. तुम्हाला फोनवर ताठ मानेच्या गोष्टी सांगितल्या, आणि असं बोळकं घेऊन दारात कसं उभं राहू?"

कमलबाईंच्या छातीवर काल रात्रीपासून ठेवलेला धोंडा कुणीतरी उचलून बाजूला केला. पण लगेच हसतील तर त्या कमलबाई कसल्या.

"चहाला दात लागतेत व्हय?"

"तुम्ही समोरून हललात का?" उत्तमराव कळवळून म्हणाले. "सकाळपासून वाट बघतोय, बाई जरा आत जातील तर रुमाल काढून घोटभर पिऊन टाकीन. तुम्ही पहारेकऱ्यासारख्या उभ्या! माशीनं माझा चहा प्यायला, मी नाही!"

सपनानं तोंडाला पदर लावला. 

"अन् ती बाटली?" कमलबाईंनी जरा हळू आवाजात विचारलं.

"ती तर येतानाच रिकामी होती. तुमच्याच माठातून भरून घेतली, तुम्ही निजल्यावर. दोनदा. गार पाणी आहे हो तुमचं."

तेव्हा मात्र कमलबाई हसल्या. खांबाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "त्या वानराला नीट बसली का कवळी?" एवढं म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या. उत्तमरावही हसले, बोळकं पूर्ण उघडून.

मग कमलबाईंनी दोन गरम भाकऱ्या येसराच्या आमटीत बारीक कुस्करल्या, वर तूप सोडलं, ताट खाटेवर ठेवलं आणि आपण खाली उत्तमरावांकडं पाठ करून बसल्या.

"ही बसले हिरीकडं तोंड करून. खावा."

मागून भुरके सुरू झाले. कमलबाई विहिरीकडं बघत बसल्या होत्या आणि भुरका थांबला की न वळता खांद्यावरून आमटीची पळी मागं करत होत्या. पळी किती वेळा मागं गेली ते कुणी मोजलं नाही. चहाही तसाच झाला, पाठमोरा.

रत्नपाल परतला तेव्हा किल्ली पिवळीजर्द झाली होती आणि तोही. पोती ओतून ढीग झाल्यावर एका व्यापाऱ्यानं मूठभर हळद उचलली तर हातात किल्ली आली. "तो इचारत होता," रत्नपाल म्हणाला, "हळदीच्या भावात गाडी बी बसती का म्हून."

पण आता उत्तमरावांना घाई नव्हती. लिंबाखाली ते एक झोप काढून उठले होते. "सहल इथंच," त्यांनी सपनाला सांगितलं. "आमच्या संघात निम्मे लोक कवळीवाले, असा काला बघून आनंदानं रडतील. रिसॉर्टवाला चिवट रोट्या देतो म्हणे."  सपनानं गडबडीत त्यांच्या पिशवीत धपाटे भरले, मग दातांचं आठवून काढले, आणि शेवटी तुपाची बरणी ठेवली.

गाडीत बसताना उत्तमरावांच्या अंगात मुख्याध्यापक परत आला.

"बाई, पाहुण्याची किल्ली लपवणं हे काही बरं नाही."

"लपवली न्हाई. तुमाला ठेवून घेतलं," कमलबाई काचेशी येऊन म्हणाल्या. "अन् आता तुमी माझं ऐका, मास्तर. मानूस म्हनून तुमी लाख हायत. पर उपाशी राहून सोताची अब्रू झाकली, अन् एवढ्या चांगल्या घराच्या अब्रूला रातभर घोर लावला. पाहुना म्हनून तुमी साफ नापास! संघ घेऊन या, मंग परत परीक्षेला बसवते."