कुठल्या पाण्याचे तुम्ही?

माणूस भेटला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो. आमचे धनू डॉक्टर तोंडात बघतात. नमस्कार, कसे आहात, ऊन काय म्हणतंय, असलं काही नाही. समोरच्याने बोलायला ओठ उघडले की यांची मान खाली, डोळे बारीक आणि प्रश्न ठरलेला, "लहानपणी कुठलं पाणी प्यालात?"

माझे यजमान गेले तेव्हा तिसऱ्या दिवशी डॉक्टर भेटायला आले. खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता धीराचं काहीतरी बोलतील. पण त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोत हसणाऱ्या माझ्या सासूबाईंवर खिळलेली. म्हणाले, "आजींचं पाणी कोकणातलं. दातांवर एक डाग नाही बघा." माझी सून ओढणी तोंडाला लावून आत पळाली, ती काही रडायला नाही. आणि खरं सांगते, त्या तीन दिवसांत मीही पहिल्यांदा हसले ती तेव्हाच.

कल्याण पश्चिमेला आमची चार मजली बिल्डिंग. तळमजल्यावर डॉक्टरांचा दातांचा दवाखाना, दुसऱ्या मजल्यावर ते एकटे राहतात, आणि त्यांच्या समोरचं दार माझं. यजमान मोहन्याच्या कारखान्यात होते, निवृत्त झाल्यावर आम्ही इथे आलो. ते गेल्यावर मी घरात बसून पंख्याची पाती मोजत होते, तर एक दिवस डॉक्टर दारात उभे. म्हणाले, मावशी, खाली येऊन बसा, पेशंटचे नंबर लावा. तेव्हापासून माझी सकाळ दवाखान्यात जाते. पेन आणि टेबलावरची घंटा माझ्या ताब्यात.

डॉक्टर पन्नाशीला आले, लग्न केलं नाही. मी एकदा विचारलंच. म्हणाले, "गेलो होतो की एकदा मुलगी बघायला. मी सगळ्यांचे दात बघितले, ते उठून गेले." आता यात खरं किती आणि चेष्टा किती, देव जाणे.

दवाखान्याच्या आतल्या खोलीत पेशंटला प्रवेश नाही. तिथे खिडकीच्या गजाला रद्दीवाल्याकडे असतो तसला आकड्याचा काटा टांगलाय. त्याच्यावर रद्दी कधी चढली नाही. खाली प्लास्टरच्या वडीत रोवलेला एक दात असतो, दातावर चिकटवलेली स्टीलची बारीक टिकली, आणि टिकलीपासून काट्यापर्यंत तार. पेशंट संपले की डॉक्टर ती वडी हळूहळू खाली ओढतात. काट्याची सुई सरकत जाते, आणि टक् करून टिकली निघते. मग सुई कुठवर गेली तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. आमच्या घरी कॅलेंडरवर दुधाचे खाडे असतात, यांच्याकडे दातांचे.

हे सगळं कशासाठी, ते मला कळायला वर्ष गेलं. मला जेवढं उमगलं तेवढं सांगते. काही गावांच्या पाण्यात फ्लोराइड फार असतं. ते पाणी पिऊन वाढलेल्या पोरांचे दात हिरडीतून वर येतात तेच डाग घेऊन. खडूसारखे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. कितीही घासा, जात नाहीत. वरून पांढरं मटेरियल चिकटवून झाकता येतात, पण ते चिकटायला तर हवं ना. साध्या दाताला आधी अर्धा मिनिट अ‍ॅसिड लावतात, त्याने तो खडबडीत होतो. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकतं, मग आपण त्याला टाकी लावून घेतो ना, अगदी तसंच. खरखरीत झालेल्या दातात मटेरियल रुतून बसतं. पण या फ्लोराइडच्या दाताचं वरचं कवच असं कडक की अ‍ॅसिडला दाद देत नाही, आणि कवचाच्या खाली सगळं भुसभुशीत. टाकी बसतच नाही. आज लावलेलं मटेरियल उद्या हातात.

"चिकटलं म्हणजे टिकलं नव्हे, मावशी," हे डॉक्टरांचं लाडकं वाक्य. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांनाही ऐकवतात.

तर डॉक्टर काय करतात, कधी ते कवच जरासं घासून काढतात, कधी अ‍ॅसिड दुप्पट वेळ ठेवतात, कधी चिकटवायचं औषध बदलतात, आणि टिकली किती ओढ सोसते ते दर वेळी काट्याला टांगून बघतात. डॉक्टरांचं गाव यवतमाळकडचं. तिकडे त्यांचा कॉलेजातला एक मित्र दवाखाना चालवतो, काढावे लागलेले दात तो धुऊन, बाटलीत पाण्यात घालून पाठवतो. पार्सल आलं की हे आनंदाने ओरडतात, "मावशी, गावचे पाहुणे आले."

या पाहुण्यांनी एकदा माझ्या घरी मुक्काम केला. दवाखान्याचा फ्रीज बिघडलेला, डॉक्टरांच्या घरी दुसरा नाही, आणि दात थंडच ठेवायला लागतात. डॉक्टर बरणी घेऊन दारात आले. मी नाही कशी म्हणणार? माझ्या फ्रीजमध्ये मागच्या बाजूला ठेवली आणि विसरले. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून माझ्या नणंदबाई आल्या. मी भाजीला खाली गेलेले. वन्सं कामसू, येतील तिथे पदर खोचतील. मी परत येते तर गॅसवर फोडणी तडतडतेय आणि वन्सं चाळणीवर काहीतरी निथळत उभ्या. म्हणाल्या, वहिनी, तुझे वाल सोलून झालेत, पण भिजले नाहीत गं नीट, कडकच आहेत. आणि हा वाल कसला, किडका लागलाय.

मी जी किंकाळी फोडली ती ऐकून डॉक्टर समोरून धावत आले. त्यांनी आधी चाळणी वन्संच्या हातातून घेतली आणि दात मोजले. एकोणीसच्या एकोणीस निघाले तेव्हा म्हणाले, तुमच्या नणंदबाईंचे आभार, अजून फोडणीत नाही टाकले. वन्सं त्यानंतर आमच्याकडे वालाची डाळिंबीच काय, भात खातानासुद्धा निवडून खातात.

असा हा माणूस, आणि स्वतःचे दात म्हणाल तर तपकिरी. पुढचे चार तर मातीच्या पणतीसारखे. लपवतही नाहीत, खदाखदा हसतात. नवे पेशंट बिचकतात. एक रिक्षावाला तर तोंडावर म्हणाला, डॉक्टर, आधी स्वतः आरशात बघा की. डॉक्टरांनी शांतपणे उत्तर दिलं, हलवाई कधी स्वतःची मिठाई खातो का? मला वाटायचं, एवढं ज्ञान आहे तर याच्याकडून त्याच्याकडून करून घ्यायला काय होतं. पण विचारलं की विषय पाण्यावर न्यायचे.

गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांची मोठी बहीण आली, सुमनताई. गावाला अंगणवाडीत सेविका होती. चार-पाच आठवड्यांनी निवृत्त होणार, पंचायतीत सत्कार, स्टेजवर फोटो. त्याआधी आठ दिवस भावाकडे. डॉक्टर पहाटेच ठाण्याला जाऊन खोपटच्या एसटी डेपोत उभे राहिलेले, गाडी दोन तास उशिरा आली तरी हलले नाहीत.

ताई आल्या आणि माझ्या लक्षात आलं, बाई बोलताना पदराचं टोक ओठांवर धरते. हसली तर पूर्ण तोंड झाकते. चहाचा कपसुद्धा असा धरते की आत काही दिसू नये. डॉक्टर मात्र पहिल्याच संध्याकाळी म्हणायला लागले की ताई, या वेळी करून टाकू, फोटोच्या आधी. ताई म्हणाल्या, नाही म्हणजे नाही. सलग तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वी दवाखाना उघडला तेव्हा खुर्चीत बसलेला पहिला पेशंट म्हणजे ताई. भावाने हौसेने तिचे पुढचे सहा दात पांढरे केले, पुस्तकात दिलेलं तसंच, अ‍ॅसिड अर्धा मिनिट. बाई रात्रभर आरसा घेऊन बसलेली. सकाळी ज्वारीच्या भाकरीचा पहिला तुकडा तोडला आणि सहातल्या चार दातांचे पांढरे तुकडे भाकरीत राहिले. तिने ते वेचून रुमालात बांधले, भावाच्या हातात दिले आणि पुढच्या गाडीने गावाला गेली. डॉक्टर म्हणाले, मावशी, ती रागावली असती तर बरं झालं असतं.

म्हणजे तो काटा, ती कॅलेंडरं, ते पाहुणे, सगळं त्या भाकरीपायी. मी म्हटलं, मी बोलते तिच्याशी. मी मुळात आगाऊ बाई.

दुपारी ताई माझ्याकडे शेंगदाणे निवडायला बसल्या. मी आडून आडून विचारत होते, तर त्यांनी सरळच तोडलं. म्हणाल्या, मटेरियल पडेल म्हणून नाही म्हणत मी. पडू दे ना, पडलं तर. मग बराच वेळ शेंगदाण्याचं फोलपट फुंकत राहिल्या.

"मी दोन-तीन वर्सांची असन, तवा आमच्या वस्तीत हापसा आला, सारे खूश. खोलचं पाणी, शुद्ध पाणी, मायनं मलेही तेच पाजलं. पण ही मोठी रांग. बाकीची पोरं नाल्यातल्या झिऱ्याचं गढूळ पाणी पेत. हा धनू झाला तवा मी नऊ वर्सांची. माय वावरात जाय. म्या ठरवलं, माह्या भावाले झिऱ्याचं नाही पाजायचं. याले कडेवर घेऊन रांगेत उभी राहो अन् हापशाचंच पाजो, घोट न् घोट." मग म्हणाल्या, "झिऱ्याचं पेणाऱ्यांचे दात पहा तुम्ही, कसे पांढरे. याचे मीच नासवले. अन् आता मी माहे गोरे करून घेऊ? कोण्या तोंडानं?"

मी किल्ली घेतली आणि म्हटलं, चला खाली. डॉक्टर वर झोपलेले. आतली खोली उघडून मी ताईंना काटा दाखवला, बरण्या दाखवल्या, कपाटावरची गुंडाळी करून ठेवलेली जुनी कॅलेंडरं काढून दिली. ताईंनी एक उलगडलं, दुसरं उलगडलं. पानोपान आकडे. म्हणाल्या, हे कायचं?

मी म्हटलं, "तुमच्या भाकरीपासून हेच चाललंय. तुम्ही नाही म्हणता, आणि तो सोडत नाही."

ताई पाचव्या-सहाव्या कॅलेंडरपर्यंत गेल्या. मग सगळी पुन्हा नीट गुंडाळली. बाहेर येऊन चपला काढल्या, शेजारी शेजारी लावून ठेवल्या आणि खुर्चीत जाऊन बसल्या. "बोलवा त्याले. मी उठायच्या आत."

आता गंमत बघा. अकरा वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं, तर डॉक्टरच कारणं सांगायला लागले. दोन दातांचे आकडे अजून मनासारखे नाहीत, महिनाभराने करू, तोवर नवीन औषध येतंय. ताई खुर्चीतूनच म्हणाल्या, "धनू, ते आकडे ठेव बाजूला. दात मी आणले हायेत ना इथं?"

मग मला घड्याळ धरून उभं केलं. वरचं कवच सुईच्या टोकाएवढं घासलं. अ‍ॅसिड लावलं, अर्ध्या मिनिटाचं दीड मिनिट झालं. धुतलं, सुकवलं, पुन्हा लावलं. मी सेकंद मोजत होते आणि डॉक्टर एकेका दातावर असे वाकलेले, जसं काही सुईत दोरा ओवतायत. पांढरं मटेरियल, ते घट्ट करायला निळा लाइट, मग दुसरा दात. सहा दातांना संध्याकाळ झाली. ताईंनी आरसा घेतला नाही. भाकरी खाईन तेव्हा पाहीन म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाकरी त्यांनीच थापली. मी आपली तांदळाच्या भाकरीवाली, माझ्या ज्वारीच्या भाकरीला त्या पापड म्हणाल्या. डॉक्टरांचा हट्ट की खायची तर दवाखान्याच्या खुर्चीतच, वरच्या दिव्याखाली. तेव्हा ताईंच्या गळ्यात पेशंटला बांधतात तो कागदी रुमाल, मांडीवर ताटली, ताटलीत भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. बाहेर बाकावर गाल सुजलेले एक गृहस्थ बसलेले. वास आला तसे मला म्हणाले, इथे जेवण पण मिळतं का? मी म्हटलं, नंबरप्रमाणे.

डॉक्टर म्हणाले, हाताने तोडू नको ताई, दाताने तोड. एवढं म्हणून आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. ताईंनी भाकरीची कड दातात धरली आणि ओढली. चावल्याचा आवाज. पुन्हा चावल्याचा. डॉक्टरांनी वळून न बघता विचारलं, "गेलं?"

"मीठ कमी झालं," ताई म्हणाल्या. आणि खात राहिल्या. सगळी भाकरी संपवली, ठेच्याने डोळ्यांत पाणी आलेलं, तरी बोटाने ताटली पुसून घेतली. मग आरसा मागितला. बघितलं, आणि हसल्या. सवयीने हात वर आला, ओठांपर्यंत पोचलाही, पण त्याच्या आधी मी सगळे दात बघून घेतले. सहाच्या सहा.

खाली उतरत त्यांनी खुर्चीवर थाप मारली. म्हणाल्या, आता तू बस. तुह्या त्या मित्राले बोलाव, नाहीतर दुसरा कोणी डॉक्टर आण. मी जाईन तवा तुहे बी झाले पाहिजेत.

मी डॉक्टरांना शेंगदाण्यांच्या वेळचं काहीएक सांगितलेलं नव्हतं, शप्पथ.

डॉक्टर म्हणाले, "माहे राहू दे, ताई. तू रांगेत उभी राहून आणलेलं पाणी हाय ते."

ताई ताटली हातात धरून उभ्या राहिल्या. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "मंग चहा तरी कमी कर. अजूनच काळे करून ठेवले."

डॉक्टर बरं म्हणाले आणि हात धुवायला बेसिनकडे वळले. भाकरीला त्यांनी हातही लावलेला नव्हता. तरी बराच वेळ हात धूत राहिले, आणि मी बाहेर जाऊन पुढच्या नंबरची घंटा काही लवकर वाजवली नाही.