इंग्रजी तिसरीतली अकरा सुतकं

त्या वर्षी विश्राम मास्तरांनी हेडमास्तरांना तोंडावर सांगून टाकलं, की आपली इंग्रजी तिसरी यंदा पोपटपंची करणार नाही. पोरं वाचतील ते समजून वाचतील आणि लिहितील ते स्वतःच्या मनानं लिहितील. इन्स्पेक्टरसाहेबानं खुशाल परीक्षा घ्यावी!

हेडमास्तरांनी पानाला चुना लावता लावता आठवण दिली, की साहेबाचा शेरा वाईट पडला तर मास्तरांची बदली मोखाड्याला.

मोखाड्याच्या जंगलाला मास्तर भीत नव्हते. पण कल्याणातल्या त्यांच्या दोन खोल्यांत फळीवर लोणच्याची एक बरणी होती. ती त्यांच्या बायकोनं, सुमतीनं भरलेली. मागल्या वैशाखात सुमती तापानं गेली. ती बरणी बैलगाडीतून मोखाड्यापर्यंत धड पोचेल असं मास्तरांना काही वाटत नव्हतं.

शिकवायला बसले आणि पहिल्याच दिवशी अडले. क्रमिक पुस्तकात गाय होती, कोल्हा होता, पण पत्र कसं लिहावं ते नव्हतं. घरी पेटी उपसली तेव्हा तळाशी एक कागद सापडला. सुमती गेली तेव्हा इन्स्पेक्टरसाहेबाला धाडलेल्या रजेच्या अर्जाची नक्कल. कोणाला न विचारता मास्तरांनी जन्मात एवढंच एक लांबलचक इंग्रजी लिहिलं होतं. अर्जाला उत्तर आलं नव्हतं, पण व्याकरण चोख होतं.

महिनाभर त्यांनी तो अर्ज शिकवला. एकेक ओळ फोडून अर्थ सांगितला. शेवटी बजावलं, की परीक्षेत नुसती नक्कल केलीत तर याद राखा, त्यात स्वतःचं काहीतरी घाला.

पोरांनी मास्तरांचा शब्द राखला.

परीक्षेला आला तो साहेब नवा, विलायतेहून नुकताच आलेला. त्यानं फळ्यावर लिहिलं, की तुम्हाला जे हवं असेल ते मागणारं पत्र मला लिहा. तिसरीचे बारा टाक कुरकुरू लागले. अर्ध्या तासात बारा कागद टेबलावर आले. पहिला महिपतचा. काल माझी पत्नी गोदा तापाने वारली, कृपा करून तेरा दिवसांची रजा मिळावी. दुसरा दौलतचा. त्याची शकू वारली होती. तिसऱ्याची हेमा. प्रत्येकानं स्वतःचं म्हणून आपापल्या बायकोचं नाव घातलं होतं. बाळचं लग्न व्हायचं होतं, म्हणून त्यानं शेजारीण मारली होती.

साहेबाचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. एवढ्या एवढ्या पोरांना बायका आहेत का, असं त्यानं हेडमास्तरांना विचारलं. हेडमास्तरांनी अभिमानानं सांगितलं, की बारांपैकी अकरांची लग्नं झालेली आहेत, सगळी चांगल्या घरची मुलं आहेत.

मग काय विचारता! एका रात्रीत अकरा बायका तापानं गेलेल्या! मास्तर तोंड उघडायच्या आत, गावात साथ पसरली अशी साहेबाची चिठ्ठी मामलेदाराकडे गेली. मामलेदाराचे शिपाई पोरांच्या सासुरवाडीला निघाले, विहिरींत चुना टाकायला आणि प्रेतं ताब्यात घ्यायला. शहाडला गोदा ओटीवर सागरगोटे खेळत होती. शिपायानं तिलाच विचारलं, की गोदाचं प्रेत कुठं आहे. तिनं आईला हाक मारली. मग आईनं जो गळा काढला, तो म्हणे नदीपलीकडे ऐकू गेला.

दोन प्रहरी तिचा बाप काळुराम पाटील लेकीला खांद्यावर घेऊन थेट वर्गात शिरला. मागून आणखी सासरे येतच होते.

"मास्तर, ही बघा माजी पोर. जिती हाय," काळुराम म्हणाला. "जावयाला माज्या काय शिकवलाव तुमी?"

साहेबानं पोरी मोजल्या, कागद मोजले. मग लाल होऊन महिपतला उभं केलं. त्याच्या अर्जातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि सोबतच्या कारकुनाकरवी विचारलं, की घर पूर्वीसारखं चालत नाही असं लिहिलंयस, याचा अर्थ तरी कळतो का?

मास्तरांना बैलगाडी दिसू लागली.

"कळतो की," महिपत म्हणाला. "म्हणजे भात दोन माणसांचा शिजतो नि जेवायला एकच असतो. मास्तरांनी सांगितलंय."

कारकुनानं भाषांतर केलं. साहेबानं ओळीवरचं बोट उचललं. मग त्यानं मास्तरांना विचारलं, की मूळ पत्र कोणाचं? मास्तरांनी मान खाली घालून आपलं म्हणून सांगितलं. रजा मिळाली होती का? नाही.

साहेबानं शेरा लिहिला: वाचन समजून, उत्तम. लेखन, एकाचंच. बदलीचं नाव काढलं नाही. जाता जाता त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला, गठ्ठ्यातला वरचा अर्ज ओढला आणि त्यावर 'रजा मंजूर' लिहून सही ठोकली.

वरचा अर्ज महिपतचा होता. हेडमास्तर म्हणाले, हुकूम तो हुकूम, नाव असेल त्यालाच रजा.

मास्तर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी वर्गावर गेले. महिपतनं ते तेरा दिवस शहाडला सासऱ्याकडे काढले. मयत गोदानं त्याला सागरगोट्यांत रोज हरवलं.