तेरा नंबरचा पाना

मार्कुसीची स्नोमोबाईल, बर्फावर धावणारी गाडी, सोमवारपासून खालून खटखटत होती, आणि ते गावात कोणाला कळून चालणार नव्हतं. गावातल्या प्रत्येक गाडीचं दुखणं तो नुसतं ऐकून सांगत असे. लोक फोन लावून इंजिनाजवळ धरत, आणि मार्कुसी चहाचा घोट घेत म्हणे, "पट्टा झिजलाय."

आदल्या शनिवारी साखळी सैल वाटली म्हणून त्याने ती स्वतःच आवळली होती. सोमवारी गाडी काढली तर हा आवाज. मंगळवारी त्याने पट्टा बदलला. बुधवारी क्लच साफ केला. आता खटखट ब्रेक दाबल्यावरही येऊ लागली. येत्या शनिवारी मेव्हण्याबरोबर कॅरिबू हरणांच्या शिकारीला जायचं होतं, आणि बर्फावर एकट्याने कोणी जात नाही. साखळीची पेटी पुन्हा उघडणं भाग होतं. पण तेरा नंबरचा पाना सापडेना.

"शनिवारी चहाला कोण आलं होतं?" त्याने बायकोला विचारलं.

"माझा भाऊ. का?" सियाजाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "पुतुलिकचं नाव घेऊ नका हं."

नाव न घेता मार्कुसी गावच्या रेडिओवर गेला. "शनिवारी माझ्या घरून ज्याने तेरा नंबरचा पाना नेला, त्याने तो गुपचूप दारात ठेवावा. मी नाव विचारणार नाही."

गुरुवारी दुपारी दारात सात पाने होते.

सातांतला एकही त्याचा नव्हता. त्यातल्याच एकाने त्याने गाडी उघडली. तळाच्या पत्र्यावर, ब्रेकच्या तबकडीला टेकून, त्याचा स्वतःचा पाना पडला होता. चार दिवस आपटून चांदीसारखा चकचकीत झालेला.

"आता हे सात परत करा," सियाजा म्हणाली.

"कोणाचे आहेत ते कुठे माहीत आहे?"

"नाव विचारणार नाही, असं कोण म्हणालं होतं?"

संध्याकाळी तो पुन्हा रेडिओवर गेला. माइकसमोर रेडिओ चालवणारी मिनीमावशी विणत बसली होती.

"ज्यांनी पाने ठेवले, त्यांनी ते घेऊन जावेत," मार्कुसी घाईघाईने म्हणाला. "माझा सापडला."

"अरे वा! कुठे सापडला रे?"

"गाडीत."

"कोणाच्या?"

गावभर रेडिओ चालू होते. मार्कुसी सुयांकडे बघत हळूच म्हणाला, "माझ्या."

लोक आले. कोणी हसलं नाही, तेच त्याला जड गेलं. "तुझ्याकडे पाना नाही असं ऐकलं, म्हणून आमचा ठेवला," एवढंच म्हणून प्रत्येकाने चहा घेतला, आपला पाना उचलला आणि निघून गेला. उरला एक. कोरा करकरीत, दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली.

शेवटी पुतुलिक आला. पान्याला त्याने हातही लावला नाही.

"तुझा आहे?" मार्कुसीने विचारलं.

"मी कशाला नेऊ तुमचा पाना, दाजी? पण शनिवारी तुमच्याकडे मी एकटाच होतो, हे गावाला माहीत. म्हटलं, चोर म्हणवून घेण्यापेक्षा विकत घेतलेला बरा. राहू द्या तुम्हालाच."

मार्कुसीला त्या रात्री जेवण गेलं नाही. शुक्रवारी तो सकाळीच पुतुलिकच्या दारात उभा राहिला. त्याने मेव्हण्याची गाडी उघडली, साखळी आवळली, तेल बदललं, दिवसभर राबला. पाना अर्थातच तो नवा, खिशात घालून आणलेला.

शनिवारी दोघे निघाले. दुसऱ्या टेकडीवर पुतुलिक थांबला.

"दाजी, खालून काहीतरी खटखटतंय. कालपर्यंत नव्हतं. ऐका बरं जरा."

मार्कुसीने टोपी कानावरून वर सारली. ऐकायची गरज नव्हती. त्याचा हात आधीच खिशात गेला होता, आणि खिसा रिकामा होता.

"काय असेल?" पुतुलिकने विचारलं.

"तेरा नंबरचा," मार्कुसी म्हणाला.