बाकाला तपकिरी रंग

सरकारी दवाखान्याच्या अंगणातल्या एका बाकाला तपकिरी रंग द्यायचा, एवढंच काम होतं. पण रंगाऱ्याचा तो पहिलाच सरकारी ठेका. तपासणीत एक नियम जरी चुकला, तरी नाव थेट काळ्या यादीत जाणार होतं. म्हणून तो नियमांची पुस्तिका उशाशी घेऊन झोपला. बायकोच्या म्हणण्यानुसार झोपेतही कलमंच बरळत होता.

सकाळी डबा उघडून तो ब्रश बुडवणार, तेवढ्यात आठवलं, आधी पाटी हवी. 'ओला रंग. हात लावू नका.' पाटी रोवायला खड्डा खणला. खड्डा म्हणजे खोदकाम. खोदकामाला कुंपण सक्तीचं. बांबू रोवून, दोरी बांधून खड्ड्याला आणि बाकाला मिळून कुंपण उभं केलं. आता कुंपणाला राखणदार हवा.

"बाबांना बोलावते," बायको म्हणाली. "नाहीतरी घरी बसून माझ्या फोडणीवर देखरेख करतायत."

सासरे काठी टेकत आले. राखणदाराला हेल्मेट लागतंच, म्हणून रंगाऱ्याने आपलं एकुलतं एक हेल्मेट त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि दोरीखालून आत शिरायला वाकला.

"कुठे निघालात, जावईबापू?"

"रंग द्यायला, मामा."

"हेल्मेट?"

"तुमच्या डोक्यावर आहे ना!"

"मग आत यायचं नाही."

"अहो, मग हेल्मेट जरा काढून द्या की."

"म्हणजे मी नियम मोडू? पोरगी दिली, आता डोकंही देऊ?"

बायको दुसरं हेल्मेट आणायला पळाली. ती फाटकाबाहेर पडते न पडते तोच तपासनीस साहेब हजर. ठरल्या वेळेच्या कितीतरी आधी.

साहेबांनी पाटी वाचली, दोरी ओढून पाहिली आणि आत पाऊल टाकलं. काठी आडवी आली.

"हेल्मेट?" सासरे म्हणाले.

"मी तपासनीस आहे."

"पण डोकं आहे ना?"

रंगाऱ्याने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा साहेबांचेच डोळे पाणावले होते.

"उभ्या नोकरीत मला अडवणारा पहिला माणूस भेटला!" त्यांनी बाहेरूनच मान लांब करून बाक पाहिला. "आणि रंग काय दिलाय! हुबेहूब जुनं लाकूड."

"साहेब, खरं सांगायचं तर रंग अजून..."

"तपासणी चालू असताना ठेकेदाराने बोलायचं नसतं. नियम आहे." साहेबांनी मंजुरीची सही ठोकली, सासऱ्यांशी हात मिळवला आणि निघून गेले.

बायको धापा टाकत हेल्मेट घेऊन आली. रंगारी प्रामाणिक माणूस. बाक रंगवल्याशिवाय त्याला जेवण गेलं नसतं. त्याने हेल्मेटचा पट्टा आवळला, डबा उचलला. काठी पुन्हा आडवी आली.

"आता काय राहिलं, मामा?"

"मंजूर कामाला हात लावायचा नाही. शिवाय पाटी वाचा. रंग ओला आहे."

"अहो, रंग डब्यात आहे!"

सासऱ्यांनी शांतपणे डब्यात बोट बुडवलं, वर काढलं, निरखून पाहिलं.

"ओलाच आहे," ते म्हणाले.