मेंदूची लाचखोरी आणि पसंतीचा पेढा

चहातली साखर बंद करायची, एवढंच मी ठरवलं होतं. ती गुपचूप बंद करून गप्प बसता आलं असतं. पण तीस वर्षं बातमीदारी केलेला माणूस गुपचूप काही करूच शकत नाही. (आमच्या सौभाग्यवती मंदाबाईंच्या मते मी शिंकतोसुद्धा पहिल्या पानावर.)

आमचा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाही मी इतक्या तावातावाने लिहिलं नव्हतं. रविवारच्या अंकात लेख ठोकला: वरून घातलेली साखर मेंदूला लाच देते! डोपामिन सुटतं, मेंदू खूश होऊन 'आणखी आण' म्हणतो. पोट भरल्याचा निरोप घेऊन निघालेलं लेप्टिन तहसिलीतल्या अर्जासारखं टेबलावर पडून राहतं आणि भुकेचं घ्रेलिन दारात घोषणा देत बसतं. शेवटी जाहीर आव्हान: 'आजपासून माझी साखर बंद. गोड खाताना दिसलो, तर साकोलीच्या चौकात चपलांचा हार घाला!'

चौथ्याच दिवशी माझ्या मुलीला, तृप्तीला पाहायला मोहाडीचे पाहुणे आले. मुलगा प्रवीण तिच्याच कॉलेजातला. दोघांचं जमलेलं, उरली होती फक्त मोठ्यांची संमती.

"बाबा, आज कोणाशी भांडू नका," तिनं सकाळीच बजावलं. "मले हाच मुलगा पाहिजे."

मी भांडलो नाही. बोलणी छान झाली. मुलाचे वडील धनीरामजी उठले आणि पेढा माझ्या तोंडाजवळ आणून म्हणाले, "घ्या मधुकरराव, तोंड गोड करा. मंग पक्कं!"

माझं तोंड आपोआप मिटलं. "माफ करा जी, मी साखर सोडली."

धनीरामजींचा हात पेढ्यासकट तसाच राहिला. मुलाची आत्या शकुंतलाबाई प्रथमच बोलल्या.

"काहून सोडली?"

"तत्त्व म्हणून."

"तत्त्वासाठी कोनी पेढा सोडते का? डॉक्टरनं सांगतलं असन."

"नाही हो बाई, मेंदूतलं डोपामिन..."

"आता मेंदूचंही निघालं!" त्या भावाकडे वळल्या. "धनीराम, आधी शुगर, मंग मेंदू. अजून काय काय लपवून राहिले हे?"

"माझ्याकडे रक्ताचा रिपोर्ट आहे!"

"पेपरवाल्याच्या रिपोर्टवर कोन भरोसा ठेवते जी?"

धनीरामजींनी पेढा डब्यात ठेवला. झाकण लावलं. मी मंत्र्यांना घाम फोडलेला माणूस. त्या झाकणाच्या आवाजानं माझी बनियन भिजली. स्वयंपाकघराच्या दारात तृप्ती उभी होती. तिचे डोळे भरले होते. प्रवीण जमिनीकडे बघत होता.

"आणा तो पेढा!" मी ओरडलो.

एक खाल्ला. शकुंतलाबाईंचा संशय जाईना, म्हणून दुसरा. "अजून एक खाऊन दाखवा," म्हणाल्या, म्हणून तिसरा. चौथा खायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पाचवाही नाही. चार दिवस उपाशी ठेवलेल्या मेंदूनं लाच घ्यायला दोन्ही हात पुढे केले होते आणि माझाच लेख माझ्या डोक्यात परिच्छेदवार घडत होता. आठव्या पेढ्याला मंदाबाईनं डबा धरला. मी ओढला. तिनं ओढला.

"अवो, सोडा! पाव्हण्यांचा डबा हाय तो!"

लेप्टिन अजून तहसिलीतच होतं. मी सोडला नाही.

शकुंतलाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "नाई रे धनीराम, याले शुगर-बिगर काई नाई. निरा हावरट मानूस हाय. तेवढं चालते. कर पक्कं!"

लगेच लग्नाची यादी लिहायला घेतली. बाई सांगत होत्या, धनीरामजी लिहीत होते. पहिलंच कलम: 'लग्नघरी मिठाईच्या कोठीची किल्ली मुलीच्या वडिलांकडे देऊ नये.'

मी ताडकन उठलो. ही उघड बदनामी होती! जाहीर खुलासा मागणार होतो, कागद फाडणार होतो. पण तो माझ्या हाती येईपर्यंत खाली दोन सह्या पडल्याही होत्या. एक मंदाबाईची आणि दुसरी तृप्तीची.