आठ सिलिंडरची शिफारस

यापुढे गाडी आपण स्वतः चालवायची, असं बाईंनी ठरवल्याची बातमी कॅप्टनला चौकातल्या लाल सिग्नलला मिळाली, तीही मागच्या सीटवरून. बाई नेहमीप्रमाणे मांडीवर ट्रे घेऊन बटणांचे नमुने छटेनुसार लावत होत्या. एक निळं बटण उजेडात धरून त्या म्हणाल्या, "कॅप्टन, ही गाडी आता काढून टाकू. मोठी एसयूव्ही घ्यायचीय. इंजिन कुठलं घ्यायचं ते तुम्ही सांगा. आणि हो, चालवणार मी."

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलेना. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एकोणीस वर्षांत कॅप्टनवर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती.

कॅप्टन म्हणजे कुठल्या जहाजावरचा नव्हे. बाईंचा बटणांचा कारखाना होता आणि हा त्यांचा ड्रायव्हर. गाडी इतक्या बेताने चालवायचा की ट्रेमधलं बटण जागचं हलत नसे, म्हणून पॅकिंगमधल्या बायकांनी त्याला हे नाव दिलं आणि बघता बघता हजेरीपटावरही तेच चढलं. आधीची बस कंपनी बंद पडल्यावर चार ठिकाणी नकार पचवून तो बाईंकडे आला होता. बाईंनी त्याला गावाबाहेरून एक फेरी मारून आणायला सांगितलं. फेरी संपली तेव्हा मागे त्यांना गाढ झोप लागली होती. जाग आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, की किल्ली तुमच्याकडेच ठेवा. त्या किल्लीवर दोन मुली शिकल्या, डोक्यावर छप्पर झालं. रोज सकाळी गाडी पुसताना कॅप्टनला याची आठवण होई आणि मन भरून येई. त्यामुळे आता त्याला धड रागावताही येईना. पण बाई स्वतः चालवणार म्हणजे आपण घरी बसणार, एवढा हिशेब त्याला कळत होता. चोपन्नाव्या वर्षी त्याला दुसरं कोण दारात उभं करणार होतं?

घरी त्याने बायकोला सांगितलं. तिच्या तोंडचं पाणी पळेल अशी त्याची अपेक्षा होती. ती मात्र कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

"शिकू दे की त्यांना," ती म्हणाली. "तुम्ही बसा जरा घरी."

कॅप्टन त्या दिवशी रागारागानेच जेवला. बायकोच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण तिने दोनदा वाढलं.

शेवटी त्यानेच एक युक्ती काढली. बाईंकडे गाडीचा परवाना होता, पण तो नुसता वेळच्या वेळी नवा करून घेतलेला. त्यांनी शेवटचं चाक हातात धरल्याला पंचवीस वर्षं उलटली होती. अशा माणसाला पहिल्याच दिवशी दणकट इंजिनाची चुणूक दाखवली, तर हौस जागच्या जागी फिटेल, असा त्याचा होरा होता.

शोरूममधल्या विक्रेत्याने तीन इंजिनं दाखवली. चार सिलिंडरचं शांत आणि पुरेसं होतं. सहा सिलिंडरचं डिझेल लांबच्या प्रवासाला बरं. आठ सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाबद्दल बोलताना मात्र विक्रेत्याने आवाज खाली आणला. देवघरात बोलावं तसा तो बोलत होता. बाई चार सिलिंडरच्या गाडीभोवती दोन फेऱ्या मारून आल्या आणि त्यांनी कॅप्टनकडे पाहिलं.

"आठ," कॅप्टन म्हणाला.

"खरंच? एवढं लागतं?"

"बाई, घ्यायचं तर ते घ्या. दुसरं बघूसुद्धा नका." हे म्हणताना त्याची नजर बुटांवर होती. बाईंशी तो आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होता.

विक्रेत्याने त्यांना चाचणीफेरीला नेलं. मोकळा रस्ता लागताच त्याने ॲक्सिलरेटर दाबला. बाईंचा चष्मा कपाळावर चढला, पर्स मागे येऊन कॅप्टनच्या छातीवर आदळली. गाडी थांबली. कॅप्टन कान टवकारून नकाराची वाट पाहत होता.

"परत एकदा," बाई म्हणाल्या.

तिथेच त्याचा डाव फसला. पण एवढ्यावर भागलं नाही. या इंजिनाबरोबर कंपनीतर्फे दोघांना दोन दिवसांचं वेगवान ड्रायव्हिंगचं प्रशिक्षण फुकट असल्याचं विक्रेत्याने सांगितलं आणि बाईंनी लगेच दोन नावं लिहून दिली. म्हणजे बाईंना घाबरवायला गेलेल्या कॅप्टनने त्यांच्यासाठी खास शाळाच मिळवून दिली होती, आणि वर स्वतःचंही नाव तिथे घातलं होतं.

ही शाळा गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर भरत असे. पोरगेलेशी एक प्रशिक्षिका होती, शर्यती जिंकून आलेली. तिने सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवली. पहिला धडा ब्रेकचा होता. भरधाव यायचं आणि लाल रेषेवर सगळी ताकद लावून ब्रेक मारायचा. कॅप्टन आला, रेषेच्या कितीतरी आधीपासून वेग उतरवत गेला आणि झुळूक थांबावी तसा थांबला.

"काका, समोर भिंत आहे असं समजा," प्रशिक्षिका म्हणाली.

"भिंत मला लांबूनच दिसते. तिच्या इतक्या जवळ मी जाईनच कशाला?"

तिने वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याला रांगेत मागे पाठवलं. बाईंनी मात्र पहिल्याच फेरीत वाटेत मांडलेले अकरा प्लास्टिकचे शंकू उडवले, दुसरीत सहा आणि संध्याकाळपर्यंत एकही नाही. ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तेव्हा त्यांनी ती अशी सावरली की बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. कॅप्टननेही वाजवल्या. आपल्या बाईंचं कौतुक वाटल्याशिवाय त्याला राहवेना आणि आपली नोकरी डोळ्यांदेखत चालली आहे हेही दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी तो इरेला पेटला. आज दाखवून द्यायचंच. तो भरधाव आला आणि लाल रेषेवर त्याने खरोखर सगळी ताकद लावून ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. प्रशिक्षिकेने अंगठा वर केला. कॅप्टन मात्र बाहेर येईना. त्याच्या उजव्या गुडघ्यातून अशी कळ गेली होती की पाय उचलता येत नव्हता. ऑपरेशन करून घ्या आणि तीन महिने पेडलला पाय लावू नका, असं डॉक्टर वर्षभर बजावत होते. तीन महिने किल्ली दुसऱ्याच्या हातात गेली तर ती परत येणार नाही, या धास्तीने कॅप्टनने ते कामावर कुणाच्या कानावर जाऊ दिलं नव्हतं.

दोघांनी त्याला धरून धावपट्टीकडेच्या तंबूत नेलं आणि खुर्चीत बसवून गुडघ्यावर बर्फ ठेवला. थोड्या वेळाने हेल्मेट काखेत मारून बाई आल्या आणि समोरच्या खोक्यावर बसल्या.

"ऑपरेशन कधी करताय?"

"कसलं ऑपरेशन?"

"कॅप्टन, तुमची बायको चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे येऊन रडून गेलीय. दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव काढलं की तुम्ही ऐकणार नाही, असं तीच म्हणाली. म्हटलं, मग तुमच्या जागी मीच बसते. मी काही तुमची नोकरी पळवणार नाही. मला बटणांतून सवड कुठाय?"

बर्फाचं पाणी पायावरून बुटात चाललं होतं, ते कॅप्टनला कळलंही नाही. या दोन बायकांनी मिळून आपल्यासाठी केवढा खटाटोप केला होता आणि आपण त्या दोघींवर मनातल्या मनात धुमसत होतो, याची त्याला लाज वाटली. शेवटी तो म्हणाला, "बाई, तुमचे उपकार कसे फेडू? आणि एक पाप सांगायचंय. तुम्ही घाबरून नाद सोडावा म्हणून मी ते आठ सिलिंडर सांगितलं. आपल्याला चार पुष्कळ होते."

बाईंना हसू आवरेना.

"अहो, मलाही चारच हवे होते. एकोणीस वर्षांत तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. म्हटलं, एवढं ठासून सांगतायत, तर त्यांची हौस असणार. आता काय, गाडी येतेय परवा."

परत निघाले तेव्हा जुन्या गाडीची किल्ली बाईंकडे होती. कॅप्टन मागच्या सीटवर पाय लांब करून बसला. तिथून रस्ता कसा दिसतो हे तो पहिल्यांदाच पाहत होता. तो मनोमन बायकोचे, बाईंचे, त्या पोरगेल्या प्रशिक्षिकेचेही आभार मानत होता. इतक्यात पुढे संथ चाललेल्या गाड्यांची रांग लागली. बाईंनी गिअर बदलला, दोन ट्रक आणि एक बस मागे टाकली आणि वळणावर गाडी नुकतीच शिकलेल्या पद्धतीने घातली. कॅप्टनने दोन्ही हातांनी दारावरचं हँडल धरलं.

"बाई," तो जरा वेळाने म्हणाला, "डॉक्टर तीन महिने म्हणतात. पण मी दोनातच येतो कामावर."

"घाई कसली? चांगला आराम करा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पुढच्या गाडीला हॉर्न दिला.